ट्रकमधील सबवूफरचा बंद डबा : अंदाज नको, हिशेब हवा

मुलुंडचा चेकनाका असो की पश्चिम द्रुतगती महामार्गावरची दहिसर-बोरिवलीकडची बाजू, शहरात शिरण्याची वेळ होईपर्यंत रांगेने उभे असलेले ट्रक आपण सर्वांनी पाहिले आहेत. ड्रायव्हर केबिनच्या मागच्या फळीवर आडवा झालेला असतो आणि सोबतीला काहीतरी वाजत असते. पूर्वी कॅसेट होती, मग सीडी आली, आता मोबाईल आहे. घरापासून आठ-आठ दिवस दूर असलेल्या माणसाला आवाजाची सोबत लागते. कोणी तिलावत ऐकतो, कोणी बयान, कोणी कव्वाली, कोणी सिनेमाची गाणी. गाण्या-बजावण्याच्या मसल्यावर उलेमांनी सांगितले ते आपल्यापुढे आहे. तो या पानाचा विषय नाही. या पानाचा विषय आहे हुनर आणि व्यापार.

या आवाजामागे आपल्या कारीगरांची मोठी रोजी आहे. अंधेरी, साकीनाका, घाटकोपर, कुर्ला, जोगेश्वरी या भागांत डबे बनवणारे सुतार, रेक्झिन चढवणारे सीटवाले आणि वायरिंग करणारे ऑटो इलेक्ट्रिशियन यांत आपले बांधव पुष्कळ आहेत. तयार फर्निचर बाजारात आल्यापासून छोट्या सुताराचे घरगुती काम घटले, हे आम्ही वेगळे सांगायला नको. अशा वेळी ट्रक, टेम्पो आणि मोटारींच्या साऊंडचे काम हा एक चांगला आधार आहे. पण हे काम बहुतेक ठिकाणी अंदाजाने चालते, आणि अंदाजाच्या कामात ग्राहक एकदाच येतो.

आम्ही कापडाचे व्यापारी. मग या विषयात का शिरलो, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा सुरतेचा माल आणणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या आग्रहावरून आम्ही सबवूफर बसवून दिला. डबा बनवणाऱ्याला आम्ही माप विचारले तेव्हा तो म्हणाला, "सेठ, डबा तो डबा होता है. सीटच्या मागे मावला की झाले." आम्हीही मान डोलावली. डबा दिसायला देखणा होता, पण आवाज नुसता घुम-घुम. शिवाय साऊंडची वायर ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच घेतली होती. ईदच्या आधीच्या आठवड्यात, भर पावसात, पहाटे बोरिवलीजवळ ती बॅटरी बसली. गाडी दुपारी हलली आणि गाठी दुकानात पोहोचेपर्यंत दिवस गेला. सीझनचा एक दिवस म्हणजे काय, ते व्यापारी जाणतात. दोष एकट्या कारीगराचा नव्हता. "अंदाजाने करून टाक" म्हणणारे आम्हीही होतो. त्यानंतर आम्ही जाणकारांना विचारून, वाचून, दोन-तीन डबे समोर बसून बनवून घेतले. जे कळले ते बांधवांपुढे ठेवत आहोत.

डबा म्हणजे पेटी नव्हे, हवेची स्प्रिंग

पहिली गोष्ट समजून घ्यावी की स्पीकरला डबा लागतोच का. स्पीकरचा कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. जड आवाजाच्या लाटा लांब असतात. त्या कोनाला वळसा घालून पुढे येतात, आणि पुढचा दाब व मागचा ताण एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून उघडा स्पीकर वाजवला तर बास ऐकूच येत नाही. मागची हवा पुढच्या हवेपासून तोडणे हे डब्याचे पहिले काम.

दुसरे काम याहून महत्त्वाचे आहे. डबा पूर्ण बंद असेल तर आतली हवा कुठे जाणार? कोन आत आला की ती दबते आणि कोनाला बाहेर ढकलते. कोन बाहेर गेला की ती त्याला आत ओढते. म्हणजे आतली हवा ही कोनाच्या मागे बसवलेली स्प्रिंगच झाली. डबा लहान तर स्प्रिंग कडक, डबा मोठा तर स्प्रिंग नरम. ट्रकच्या पाट्यांची कमान जशी वजनाप्रमाणे निवडावी लागते, तशी ही हवेची कमान स्पीकरप्रमाणे निवडावी लागते. कडक कमानीचा रिकामा ट्रक उधळतो, तसाच लहान डब्यातला वूफर घुमतो.

या हवेच्या स्प्रिंगचा मुद्दाम उपयोग करण्याची कल्पना अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये बाजारात आणली. त्याआधी चांगल्या बाससाठी कपाटाएवढ्या पेट्या लागत. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात या सगळ्याचा गणिती हिशेब मांडला. म्हणून स्पीकरच्या कागदावर छापलेल्या आकड्यांना आजही 'थील-स्मॉल' आकडे म्हणतात. आणि असे हिशेब ज्या बीजगणिताने सोडवतात, त्याचे 'अल्जेब्रा' हे नाव नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथावरून आले आहे. हिशेबाची ही विद्या आपल्याला परकी नाही.

कागदावरचे तीन आकडे

नामांकित कंपनीच्या वूफरबरोबर एक कागद येतो. बहुतेक दुकानांत तो खोक्याबरोबर फेकला जातो. तो जपून ठेवावा. त्यातले तीन आकडे आपल्या कामाचे असतात.

पहिला 'एफएस'. स्पीकर उघडा ठेवला असता त्याचा कोन सेकंदाला किती कंपनांवर आपोआप डोलतो, ते हा आकडा सांगतो. तो हर्ट्झमध्ये असतो.

दुसरा 'क्यूटीएस'. डोलणाऱ्या कोनाला आवर किती आहे, हे यावरून कळते. आकडा लहान म्हणजे आवर जास्त, आकडा मोठा म्हणजे आवर कमी.

तिसरा 'व्हीएएस'. कोनाच्या स्वतःच्या कडा आणि जाळी जितक्या लवचिक आहेत, तितकीच लवचिक स्प्रिंग होण्यासाठी किती हवा लागेल, ते लीटरमध्ये दिलेले असते.

बंद डब्यात बसवल्यावर क्यूटीएस वाढतो. तो वाढून ०.७०७ वर थांबला तर आवाज सपाट आणि स्वच्छ राहतो. ०.८ ते ०.९ पर्यंत थोडा भरीव वाटतो आणि काहींना तोच आवडतो. १ च्या वर गेला की एकाच सुरावर उसळी येते. ढोल वाजो की तबला, सगळे एकसारखे 'घुम' ऐकू येते. तिलावत किंवा बयान लावले तर पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग या घुमण्यात सापडतो आणि हर्फ झाकले जातात. आमच्या ट्रकमध्ये हेच झाले होते.

हिशेब चार पायऱ्यांचा

हवे असलेले घनफळ काढणे कठीण नाही. उर्दू शाळेत ज्याला आपण 'हज्म' म्हणत होतो तेच मराठी शाळेतले घनफळ. पायऱ्या अशा :

१. ०.७०७ ला क्यूटीएसने भागा.
२. आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा.
३. त्यातून १ वजा करा.
४. आता व्हीएएसला या आकड्याने भागा. उत्तर म्हणजे डब्याच्या आतल्या हवेचे लीटर.

समजायला सोपे आकडे घेऊ. समजा १० इंची वूफर आहे. एफएस ३५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस २८.३ लीटर. ०.७०७ ला ०.५ ने भागले की १.४१४. त्याला त्यानेच गुणले की २. एक वजा केला की १. २८.३ ला १ ने भागले की २८.३ लीटर, म्हणजे बरोबर १ घनफूट. सुताराच्या भाषेत १७२८ घनइंच.

या डब्यात वूफरची डोलण्याची जागा ३५ वरून सुमारे ४९ हर्ट्झवर येते. आता हाच वूफर अर्ध्या घनफुटात कोंबला तर क्यू ०.८७ होतो आणि डोलण्याची जागा सुमारे ६१ वर चढते. पाव घनफुटात कोंबला तर क्यू १.१२ आणि जागा ७८ वर. म्हणजे खालचा खरा बास गेला, आणि वर सुमारे २ डेसिबलची उसळी आली. ग्राहक म्हणतो, "स्पीकर खराब आहे." स्पीकर चांगलाच असतो, त्याला हवा कमी मिळालेली असते.

मोबाईलवर हा हिशेब करून देणारे प्रोग्राम मिळतात. ते जरूर वापरावेत. पण ज्याला चार पायऱ्या तोंडी येतात, त्याला मोबाईलवर चुकीचा आकडा भरला गेल्याचे लगेच कळते.

एक इशारा. क्यूटीएस ०.७ च्या आसपास किंवा वर असलेल्या वूफरला हा हिशेब लागू पडत नाही. तो लहान बंद डब्यासाठी बनलेलाच नसतो. ०.३५ च्या खालचा वूफर सहसा पाईप लावलेल्या, म्हणजे पोर्टच्या डब्यात जास्त शोभतो. बंद डब्यासाठी ०.४ ते ०.६ मधला निवडावा. आणि ज्या वूफरबरोबर कागदच नाही, त्याचा हिशेब होत नाही, हे ग्राहकाला खरेदीच्या आधीच सांगावे.

आतले माप आणि बाहेरचे माप

सर्वांत जास्त डबे इथे बिघडतात. ग्राहक म्हणतो, "एक घनफुटाचा डबा." कारीगर बाहेरून १२ बाय १२ बाय १२ चा डबा करून देतो. पाऊण इंची प्लाय दोन्ही बाजूंनी दीड इंच खातो. आत उरले साडेदहा बाय साडेदहा बाय साडेदहा, म्हणजे सुमारे ११५८ घनइंच. १७२८ मधले तृतीयांश गेले! कापडवाल्यांना हे लगेच उमगेल. पन्हा ४४ इंच सांगितला आणि किनार सोडून कामाचा ४२ निघाला, तर कटिंग मास्टर आपला हिशेब ४२ वरच करतो. डब्यातही हिशेब आतल्या मापावरच व्हायला हवा.

शिवाय स्पीकरचे चुंबक आणि सांगाडा आतली जागा अडवतात. आधाराची पट्टी अडवते. तेवढे घनइंच वर धरावे लागतात. आपल्या उदाहरणात स्पीकरचे ६० आणि पट्टीचे ३२ धरले, तर एकूण १८२० घनइंच हवेत. ट्रकच्या फळीखाली किंवा सीटमागे जागा उथळ असते, म्हणून आतून खोली ७ इंच, उंची १३ इंच आणि लांबी २० इंच घेऊ. सातेतेरा एक्याण्णव, एक्याण्णव गुणिले वीस बरोबर १८२०. हिशेब जुळला.

कापण्याची यादी अशी होईल : समोरची आणि मागची फळी २१½ बाय १४½ इंच, दोन नग. वरची आणि खालची २१½ बाय ७, दोन नग. बाजूच्या १३ बाय ७, दोन नग. आधाराची पट्टी ७ बाय ६, एक नग. ही पट्टी समोरच्या आणि मागच्या फळीला जोडते, म्हणजे मोठ्या फळ्या थरथरत नाहीत. सगळे मिळून सुमारे ८ चौरस फूट प्लाय लागतो. ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये असे तीन डबे आरामात निघतात. तीन ऑर्डर एकदम कापल्या तर मालाचा खर्च किती उतरतो ते पाहावे.

बाजारातला १८ मिलिमीटरचा प्लाय पाऊण इंचापेक्षा किंचित कमी भरतो. म्हणून करवत लावण्यापूर्वी शीटची जाडी मोजावी आणि आतले माप कायम ठेवून बाहेरचे माप ठरवावे. पाच टक्के इकडे-तिकडे झाले तर कानाला कळत नाही. तृतीयांश गेले तर कोणालाही कळते. वूफरची खोली ७ इंचांत बसते ना, आणि चुंबकाच्या मागे किमान एक इंच मोकळे राहते ना, हे आधी पाहावे. गोल भोकाचा व्यास कागदावर दिलेला असतो. '१० इंची' म्हणून १० इंचांचे भोक पाडणारा कारीगर एक फळी वाया घालवतो.

लाकूड, सांधा आणि हवाबंदपणा

एमडीएफ गुळगुळीत असतो आणि आवाजालाही चांगला. पण मुंबईचा पाऊस आणि ट्रकची ओली केबिन त्याला फुगवते. आमचा सल्ला पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा, शक्य झाल्यास आय.एस. ७१० खुणेच्या मरीन प्लायचा. १२ मिलिमीटरचा प्लाय या कामाला अपुरा आहे. आमचा पहिला डबा उघडला तेव्हा तो उरलेल्या १२ मिलिमीटरच्या तुकड्यांचा निघाला.

सांध्यावर फेविकॉल भरपूर, आणि दर चार-पाच इंचांवर स्क्रू. स्क्रूआधी बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर प्लायची कड फाटते. गोंद वाळल्यावर आतल्या सर्व कोपऱ्यांत सिलिकॉन फिरवावे. सिरक्यासारखा वास येणाऱ्या सिलिकॉनची वाफ तांब्याला खाते, म्हणून ते लावल्यावर पूर्ण एक दिवस डबा उघडा ठेवून मगच वूफर बसवावा. घाईत बसवलेला वूफर सहा महिन्यांनी त्रास देतो आणि दोष कंपनीवर जातो. वायर जिथून बाहेर येते ते भोकही बंद करावे. वूफरच्या कडेखाली नमदा किंवा फोमची पट्टी लावावी.

तपासणी सोपी आहे. वूफर कसल्यावर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारखा आणि हलका दाबावा आणि सोडावा. तो सावकाश, रेंगाळत जागेवर आला तर डबा बंद आहे. चटकन उसळून आला तर हवा कुठून तरी निसटते. मग कमी आवाजात जड सूर वाजवून सांध्याशी पेटलेली अगरबत्ती धरावी. जिथे धूर थरथरेल तिथे गळती. आवाज चालू असताना 'फुस-फुस' ऐकू आली तरी तेच समजावे.

भरण आणि कापड

हा भाग आमच्या धंद्याचा आहे, म्हणून दोन शब्द जास्त लिहितो. रजई-उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर डब्यात सैल भरला तर आतली स्प्रिंग किंचित नरम होते आणि डबा दहा-पंधरा टक्के मोठा असल्यासारखा वागतो. घनफुटाला पाव ते अर्धा किलो पुरे. तो दाबून ठासू नये, आणि चुंबकाच्या मागच्या छिद्रावर येऊ देऊ नये. कापूस भरू नये. दमट हवेत तो ओला होऊन गोळे होतात. चिंध्या तर मुळीच नको. त्या फक्त जागा खातात.

बाहेरून नमद्यासारखा कार्पेट किंवा रेक्झिन चालते. चिकटवण्याचा रबरी गोंद पेट घेणारा असतो, म्हणून ते काम मोकळ्या हवेत करावे आणि बिडी-सिगारेट दूर ठेवावी. स्पीकरसमोरच्या कापडाची परीक्षा तोंडाने होते. कापड ओठांसमोर धरून फुंकर मारावी. पलीकडे हाताला वारा लागला तर कापड चांगले. घट्ट विणीचे कापड हवेच्या धक्क्याने फडफडते.

ट्रकच्या केबिनला बंद डबाच का

पोर्टचा डबा जास्त जोरात वाजतो, हे खरे आहे. बंद डब्याला तेवढ्याच जोरासाठी जास्त ताकदीचा अँप्लिफायर लागतो, हेही ग्राहकाला सांगावे. तरी ट्रकसाठी आम्ही बंद डबा सांगतो, याची तीन कारणे आहेत.

एक, तो लहान जागेत बसतो. दोन, हवेची स्प्रिंग कोनाला आवरते. पोर्टच्या डब्यात ठरावीक सुराच्या खाली कोन मोकाट सुटतो आणि फाटण्याची भीती असते. तिसरे कारण केबिनचे आहे. लहान बंद जागेत फार खालचे सूर आपोआप वाढतात. सुमारे ७ फूट रुंदीच्या केबिनमध्ये ही वाढ साधारण ८० हर्ट्झच्या खाली सुरू होते. बंद डब्याचा आवाज खाली उतरताना जितका घटतो, जवळजवळ तितकाच केबिन तो भरून काढते. खिडक्या उघड्या असल्या की ही मदत कमी होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. म्हणजे खिडक्या बंद ठेवून चालणाऱ्या केबिन वाढत जातील, आणि लहान, स्वच्छ बंद डब्याचे काम वाढेल.

अँप्लिफायरवर सबवूफरची मर्यादा ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावी. त्यावरचे काम दरवाज्यातल्या स्पीकरांचे.

चोवीस व्होल्ट आणि जिवाचा प्रश्न

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बाजारातले बहुतेक साऊंड १२ व्होल्टचे. मग इलेक्ट्रिशियन एकाच बॅटरीवरून वायर घेतो. साऊंड वाजतो आणि ग्राहक खूष होतो. पण एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, दुसरी रोज जास्त भरते, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. आमचा ट्रक पहाटे बसला तो यामुळेच. योग्य मार्ग म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. खऱ्या १५० वॉटच्या, म्हणजे 'आरएमएस' वॉटच्या अँप्लिफायरला सतत २० अँपिअर देणारा कन्व्हर्टर घ्यावा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले हजार वॉट हिशेबात धरू नयेत.

फ्यूज बॅटरीजवळ, एक-दीड फुटाच्या आत हवा. तो अँप्लिफायरपाशी लावला तर मधली सगळी वायर उघडी राहते, आणि पत्र्यावर घासून तिचे आवरण फाटले की आग. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी बुश बसवावा.

डबा कसण्याबद्दल विशेष लिहितो. वूफरसह हा डबा १३-१४ किलोचा होतो. तो मोकळा ठेवला आणि जोरात ब्रेक लागला, तर तो ड्रायव्हरच्या डोक्यावर येतो. आजच्या बऱ्याच ट्रकची केबिन इंजिनाच्या कामासाठी पुढे झुकते. मेकॅनिकने केबिन झुकवली आणि डबा सुटा असला, तर तो थेट समोरच्या काचेवर. म्हणून चार बोल्ट आणि लोखंडी अँगल लावूनच डबा द्यावा. आगीचे सिलिंडर, हँडब्रेक आणि झोपण्याची जागा अडता कामा नये.

शेजाऱ्याचा हक्क

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता टापू असतो आणि तिथे मर्यादा आणखी कमी. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात ध्वनिप्रदूषणाबाबत सक्त निर्देश दिले. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्या रस्त्याला लागून आहेत. उभ्या ट्रकचा जड आवाज भिंतीतून घरात शिरतो, आणि घरात आजारी माणूस असतो, परीक्षेचे मूल असते. सूरह लुकमानमध्ये आवाज खाली ठेवण्याची नसीहत आहे, ती मुसलमानाला वेगळी सांगावी लागू नये.

ड्रायव्हरच्या कानांचाही विचार व्हावा. अमेरिकेच्या निऑश संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपेक्षा जास्त नको, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ट्रकच्या इंजिनाचा आवाज यात आधीच मिळालेला असतो. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येईना, तर तो साऊंड जिवाशी खेळ आहे. अँप्लिफायरचा गेन बसवतानाच मर्यादा घालून द्यावी. चांगल्या डब्याला मोठ्या आवाजाची गरजही पडत नाही.

डब्यासोबत एक चिठ्ठी

शेवटी धंद्याची गोष्ट. आमच्याकडे गिरणीतून गाठ येते तेव्हा तिच्यावर चिठ्ठी असते : किती थान, किती मीटर, किती पन्हा. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून आम्ही न उघडता माल पुढे देतो. डबा बनवणाऱ्या कारीगराने अशीच चिठ्ठी का देऊ नये? आतले घनफळ किती, प्लाय कोणता आणि किती जाड, वूफरचे तीन आकडे कोणते, फ्यूज किती अँपिअरचा, तारीख आणि सही. दोन मिनिटांचे काम आहे. कारखान्याच्या तयार डब्याला आपल्या वूफरचे आणि आपल्या केबिनचे माप ठाऊक नसते. ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुमची कमाई याच माहितीवर आहे.

माप घेण्याची आणि हिशेबाची मजुरी वेगळी लावावी. तीत संकोच नको. ज्यांना अवजारे हवीत त्यांनी केंद्राच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्यातील १८ कामांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांचा भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. कर्ज घेणे सक्तीचे नाही.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप-तोलात कमी देणाऱ्यांना सक्त इशारा आहे. आपण तो धान्य आणि कापडापुरताच समजतो. पण एक घनफूट सांगून दोन तृतीयांश देणे, १८ चे पैसे घेऊन १२ चा प्लाय लावणे, हेही मापात मारणेच आहे. बंद डब्याच्या आत ग्राहक पाहू शकत नाही. म्हणूनच तो अमानत आहे. ज्या कारीगराचा डबा उघडल्यावर आत चिठ्ठीप्रमाणेच माल निघतो, त्याच्या दुकानासमोर, इन्शाअल्लाह, ट्रक स्वतःहून थांबतील. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.